समाधानी राहा म्हणे!

"आहे त्यात समाधान मानायला शिका" हा सल्ला पुढच्या वेळी कानावर आला ना, की काय सांगितलं ते सोडा, कोण कुणाला सांगतंय ते बघा. पगारवाढ मागायला गेलेल्याला साहेब सांगतो. घरात सगळ्यांचं करून कंबरडं मोडलेल्या बाईला तिच्या जिवावर जेवणारे सांगतात, प्रमोशन हुकलेल्याला प्रमोशन मिळालेला सांगतो, आणि ज्यांचं सगळं मार्गी लागलंय असे लोक स्टेजवरून नाहीतर रीलमधून उरलेल्या सगळ्या दुनियेला सांगतात. हा सल्ला खालून वर जाताना मी तरी कधी पाहिला नाही. कंपनीच्या मालकाला कुणी म्हणत नाही की साहेब, यंदा नफा गेल्या वर्षीएवढाच झाला, असू दे की, आहे त्यात समाधान माना. त्याने जास्त मागितलं की त्याला व्हिजन म्हणतात, टार्गेट म्हणतात, आणि तेच खालच्याने मागितलं की हाव सुटलीय मेल्याला.

आता लगेच कुणीतरी म्हणणार की हा माणूस समाधानाच्याच विरोधात आहे. अजिबात नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर "चाललंय ते बरं चाललंय" असं मनापासून वाटणं यासारखं दुसरं काही नाही, आणि ते ज्याला मिळालंय त्याचा मला हेवाच वाटतो. माझं म्हणणं एवढंच की समाधान हा आपण आपल्याच आयुष्यावर दिलेला निकाल असतो. आणि निकाल द्यायचा तर आधी प्रकरण वाचायला लागतं. दुसऱ्याने लिहून आणलेल्या निकालावर आपण नुसती सही ठोकायची असेल तर त्याला समाधान कशाला म्हणायचं, गप्प बसणं म्हणा ना सरळ.

या विषयावर बोलायला लागलं की लोक संशोधनाचे दाखले फेकतात. १९७८ सालचा तो लॉटरीवाला अभ्यास तुम्ही कुठे ना कुठे ऐकलाच असणार. लॉटरी लागलेली माणसं आणि अपघातात लुळी पडलेली माणसं, वर्षभराने दोघंही सारखीच सुखी असतात, म्हणजे बाहेर काय घडतं याला काही अर्थ नाही, सगळं आपल्या मनावर आहे. टाळ्या घेणारा किस्सा आहे. फक्त मूळ अभ्यासात असं काही नाहीच. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले २२ लॉटरीवाले, अपघाताने हातपाय लुळे पडलेले २९ जण आणि तुलनेसाठी २२ साधे लोक, एवढाच त्याचा पसारा. सध्या किती आनंदी आहात, याचं ० ते ५ मध्ये उत्तर द्यायचं होतं. लॉटरीवाल्यांचं सरासरी ४.०० आलं, साध्या लोकांचं ३.८२ आणि अपघातवाल्यांचं २.९६. म्हणजे लॉटरीने फारसा फरक पडला नाही हे बरोबर, पण अपघाताने पडला, चांगलाच पडला. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल तितके ते खचलेले नव्हते एवढंच खरं, पण त्यावरून "सारखेच" कसं काय झालं देव जाणे.

पैशाचं पण तसंच. २०१० मध्ये डॅनियल काहनमन आणि अँगस डीटन यांचा पेपर आला आणि त्यातून जगभर एकच ओळ फिरली, वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढे पैशाने सुख वाढत नाही. त्या पेपरात दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या होत्या. एक म्हणजे रोजचा मूड, काल हसलात का, टेन्शन होतं का वगैरे, आणि तो त्या आकड्याच्या पुढे सपाट होताना दिसला. दुसरी म्हणजे एकूण आयुष्य कसं चाललंय याबद्दलचं मत, आणि ते उत्पन्नाबरोबर पुढेही चढतच होतं. ही अर्धी गोष्ट वाटेतच गळाली. मग २०२३ मध्ये खुद्द काहनमन यांनी मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांच्यासोबत आकडे पुन्हा तपासले, तर बहुतेकांचा रोजचा मूडसुद्धा पैशासोबत चढतच राहतो असं निघालं, थांबतो तो मुळातच सगळ्यात दुःखी असलेल्या साधारण २० टक्क्यांचा. ही बातमी तुमच्या ग्रुपवर आली का? माझ्याही नाही आली.

आणि एक अभ्यास तर कुणी फॉरवर्डच करत नाही. जर्मनीत १९८४ पासून त्याच त्याच घरांना दरवर्षी प्रश्न विचारले जातात, त्यातली वर्षानुवर्षांची उत्तरं घेऊन २००४ मध्ये रिचर्ड लुकस आणि सहकाऱ्यांनी बघितलं की नोकरी गेल्यावर माणसाचं समाधान कुठे जातं. ते घसरतं हे सांगायला संशोधक कशाला पाहिजे, पण पुढचं ऐका. पुन्हा नोकरी लागल्यावरही सरासरी माणूस पूर्वीच्या जागी पूर्ण परत येत नाही. म्हणजे "माणसाला सगळ्याची सवय होते" हे काही गोष्टींना लागू आहे आणि काहींना नाही, आणि ज्यांना लागू नाही त्यात नोकरी जाणं येतं, जे कुणाच्या तरी निर्णयाने झालेलं असतं.

मला गंमत वाटते ती ही की चुकीच्या ऐकीव गोष्टी नेहमी एकाच बाजूला झुकलेल्या कशा असतात. पैशाने काही होत नाही, अपघाताने काही होत नाही, परिस्थितीने काही होत नाही, सगळं तुमच्या दृष्टिकोनात. यात कटकारस्थान वगैरे आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याला परिस्थिती बदलायचा खर्च करावा लागणार असतो त्याला ही वाक्यं फार सोयीची पडतात एवढं तर कुणीही मान्य करेल.

आमच्या ऑफिसात वर्षातून दोनदा एक फॉर्म येतो. पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि वर प्रश्न की तुम्ही तुमच्या कामात किती समाधानी आहात. नाव लिहायचं नाही, पण टीमचं नाव लिहायचं, आणि टीममध्ये माणसं सहा. आता बोला. आमच्यातला प्रत्येक जण न बोलता चौथा चेहरा दाबतो, कारण पाचवा दाबला तर खोटं वाटतं आणि तिसरा दाबला तर टीमला मीटिंग लागते, ज्यात एक बाई येऊन श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात. एका वर्षी दोन माणसं सोडून गेली, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, त्यांचं काम उरलेल्यांवर आलं, आणि त्याच महिन्यात श्वासाचं सेशन झालं, संध्याकाळी सहाला. श्वास घ्यायला शिकून झाल्यावर आम्ही परत जागेवर बसलो आणि पावणेनऊपर्यंत काम केलं. त्या वर्षी समाधानाचा स्कोअर मागच्यापेक्षा वाढला म्हणून सगळ्यांना मेल आला होता, खाली अभिनंदनाचे फुगे होते.

त्या बाईंचा राग नाही माझा, श्वास त्यांनी चांगला शिकवला. पण प्रश्न माणसं कमी असल्याचा होता.

मोजण्याच्या या धंद्याची सुरुवात मात्र वेगळी होती आणि ती कळल्यावर मला फार बरं वाटलं. हॅडली कँट्रिल नावाचा अमेरिकन संशोधक होता, त्याने १९६५ मध्ये शिडीचा प्रश्न मांडला. ० ते १० पायऱ्यांची शिडी, सगळ्यात वर तुमच्यासाठी शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, सगळ्यात खाली सगळ्यात वाईट, तुम्ही आत्ता कुठल्या पायरीवर उभे आहात. हाच प्रश्न गॅलप ही संस्था २००५ पासून जगभर विचारते, आणि २०१२ पासून निघणारा तो आनंदी देशांचा रिपोर्ट, ज्यात २०१८ पासून फिनलंड पहिला येतोय, तोही याच उत्तरांवर उभा आहे. फिनलंडची सरासरी अलीकडे पावणेआठच्या आसपास असते. (लोक म्हणतात तिथले लोक तर हसतसुद्धा नाहीत, मग आनंदी कसे. अहो, हसता का असं विचारलंच नव्हतं त्यांना.)

पण कँट्रिल सुरुवातीलाच आकडा मागत नव्हता. आधी तो माणसाला बोलायला लावायचा. तुझ्या आशा काय आहेत, चांगलं आयुष्य म्हणजे तुझ्या डोळ्यापुढे काय येतं, भीती कशाची वाटते. माणूस आपल्या शब्दात वरची पायरी रंगवायचा, खालची रंगवायचा, आणि मग त्याला विचारायचं की आता सांग, तू कुठे आहेस. डझनभर देशांत हे केलं तर बहुतेक सगळीकडे लोकांनी आधी राहणीमान, मग घरची माणसं, तब्येत अशाच साध्या गोष्टी काढल्या. आज आपल्यासमोर येतो तो फक्त शेवटचा अर्धा मिनिट, आकडा सांगा आणि पुढे व्हा. वरची पायरी कुणी रंगवली हे विचारायला कुणाला वेळ नाही, आणि सगळी ग्यानबाची मेख तर तिथेच आहे.

कारण बघा, बहुतेकांची वरची पायरी त्यांनी स्वतः रंगवलेलीच नसते. आईवडिलांनी रंगवली, नातेवाइकांनी रंगवली, हल्ली मोबाईल रंगवतो. एखाद्याला मोठं घर नकोच असतं, त्याला पाहिजे असतं संध्याकाळी सातनंतर कुणी फोन न करणं, पण शिडीच्या टोकावर घराचं चित्र लटकवलेलं आहे म्हणून तो चारवर उभा राहून कुढत बसतो. उलटं पण होतं. एखादीच्या शिडीला चित्रच नाही, तिला लहानपणापासून सांगितलंय की तुला इथपर्यंतच जायचंय, पाचवी पायरी हीच गच्ची, मग ती पाचवर उभी राहून म्हणते मी पोचले. आकडा बघणाऱ्याला हा चार वाईट दिसतो आणि तो पाच बरा दिसतो.

हे मी हवेत बोलत नाहीये. माझ्या एका मित्राची आई, आम्ही काकू म्हणतो त्यांना, त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं दहाबारा वर्षं केलं. कूस बदलणं, अंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं, सगळं एकटीने. अख्ख्या नात्यात त्यांचं नाव निघायचं ते "किती समाधानी बाई, कधी कपाळाला आठी नाही". सासरे गेले, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मित्राच्या बायकोने त्यांना सहज विचारलं, तुम्हाला कधी कंटाळा नाही आला का हो. काकू म्हणाल्या, "अगं तेव्हा कुणी विचारलं असतं ना तर मी म्हणाले असते छान चाललंय, आणि ते खोटं नसतं हां, मला खरंच तसं वाटायचं. माझी पाठ दुखायची तर ती दुखतेय हेसुद्धा मला कळायचं नाही. वाटायचं पाठ अशीच असते." एवढं बोलून त्या आत गेल्या, दूध उतू चाललं होतं बहुतेक. मित्राच्या बायकोने मला हे सांगितलं तेव्हा मित्र शेजारीच बसला होता, तो काही बोलला नाही.

काकूंच्या पाठीसारखीच एक आकडेवारी आहे, अमर्त्य सेन यांनी ती त्यांच्या लिखाणात मांडलीय. १९४४ मध्ये, म्हणजे बंगालच्या मोठ्या दुष्काळाच्या पुढच्याच वर्षी, कोलकात्याजवळ सिंगूर भागात तब्येतीची पाहणी झाली होती. बायको गेलेल्या पुरुषांपैकी ४८.५ टक्के म्हणाले की आम्ही आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे. नवरा गेलेल्या बायकांपैकी असं म्हणणाऱ्या निघाल्या २.५ टक्के. आता त्या काळातल्या विधवा विधुरांपेक्षा ठणठणीत होत्या असं ज्याला वाटत असेल त्याच्याशी आपला वाद नाही. त्यांना आपल्या दुखण्याला दुखणं म्हणायची सवयच नव्हती. सेन यांचा मुद्दा हाच, की फार दिवस दाबून राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाच कापून लहान करतो, तसं केल्याशिवाय जगणंच होत नाही, आणि मग त्याच्या समाधानावरून त्याचं बरं चाललंय असं ठरवलं तर आपण त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करतो.

म्हणून एखादी व्यवस्था न्याय्य आहे की नाही हा वाद चालू असताना "पण लोक तर समाधानी आहेत" हे वाक्य पुरावा म्हणून चालवून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरात पण नाही आणि ऑफिसात पण नाही. आमच्या हिला काही हरकत नाही, आमचे कामगार खूश आहेत, असलं काही ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, विचारलं कधी, कुणी, आणि नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं.

यावर दुसऱ्या बाजूने एक बरोबर मुद्दा येतो. लोक म्हणतात, सगळं समजून घेत बसलं, उकरून काढलं तर माणूस दुःखीच होणार, मग कळण्यात काय फायदा, अज्ञानातच बरे होतो. होतो दुःखी, नाकारत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झालाय, डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१२ मध्ये छापला. तिथल्या सगळ्यांचे पगार एका वेबसाईटवर उघड होते पण बऱ्याच जणांना हे माहीतच नव्हतं. संशोधकांनी काही जणांना, नावं नशिबाने काढून, मेल करून सांगितलं की अशी अशी साईट आहे. थोड्या दिवसांनी विचारलं तर ज्यांचा पगार त्यांच्याच विभागातल्या त्यांच्यासारखंच काम करणाऱ्यांच्या मधल्या आकड्यापेक्षा कमी होता त्यांचं समाधान घटलं होतं आणि ते नवीन नोकरी शोधायच्या विचारात होते. ज्यांचा जास्त होता त्यांना ढिम्म फरक पडला नाही. यावरून कुणी म्हणेल बघा, उगाच सांगितलंत, सुखात होते बिचारे. मला विचाराल तर मेल येण्याआधी ते जे काही होते त्याला मी समाधान म्हणायला तयार नाही. त्यांनी निकाल दिला होता पण फाईलमधलं एक महत्त्वाचं पान त्यांच्यापासून लांब ठेवलेलं होतं. मेलनंतरचं असमाधान हे आजारपण नव्हे की त्यावर श्वासाचं सेशन लावावं, ती त्यांना मिळालेली माहिती आहे, आणि त्यातले काही जण दुसऱ्या नोकरीचा विचार करायला लागले हे मला तरी तब्येत सुधारल्याचं लक्षण वाटतं.

तुलना वाईट, तुलना करू नका, असं सगळे सांगतात त्यात माझी अडचण ही आहे. शेजारच्या टेबलावर बसून तेच काम करणाऱ्याला माझ्यापेक्षा दीडपट मिळतात, ही तुलना मला करता आलीच पाहिजे. पण दोन हजार किलोमीटरवरच्या कुणा अनोळखी बाईच्या सुट्टीचे फोटो बघून रात्री साडेअकराला मला माझं घर भिकार वाटायला लागतं, ही तुलना शुद्ध बकवास आहे, तिच्यातून मला माझ्याबद्दल काही कळत नाही, तिच्याबद्दल तर त्याहून नाही. दोन्हींना एकच नाव देऊन दोन्ही बंद करा म्हटलं की फायदा पहिलीला घाबरणाऱ्यांचा होतो. दुसरी बंद करायला मात्र कुणाचा सल्ला लागत नाही, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला तरी पुष्कळ काम होतं. अर्थात ते मला जमतंच असं नाही.

आणि आकड्याबद्दल अजून एक, हे उत्तर हलतं. १९८८ मध्ये फ्रिट्झ श्ट्राक आणि मंडळींनी कॉलेजच्या पोरांना दोन प्रश्न विचारले, आयुष्यात किती सुखी आहात, आणि डेटवर किती वेळा जाता. आधी सुखाचा प्रश्न विचारला तर दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी जवळपास काही संबंध नव्हता. आधी डेटचा विचारला तर तो संबंध ०.६६ इतका तगडा झाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), म्हणजे पोरांनी अख्ख्या आयुष्याचा हिशोब नुकत्याच आठवून दिलेल्या एका गोष्टीवर लावून टाकला. पुढे असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा हा परिणाम दरवेळी इतका मोठा येत नाही असं दिसलं, माणूस अगदीच वाऱ्यावरची वरात नाही. पण थोडा हलतो, हे आपल्यालाही माहीत आहेच. सर्दी झालेली असताना आयुष्याबद्दल मत विचारा एखाद्याला.

मी तर म्हणतो की एक आकडा काढायचाच कशाला. एड डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आयुष्याबद्दलचं समाधान मोजायला पाच वाक्यांचा एक छोटा फॉर्म बनवला, अजून सगळीकडे वापरतात, प्रत्येक वाक्याला १ ते ७ गुण द्यायचे. त्यातलं शेवटचं वाक्य साधारण असं आहे की पुन्हा जगायला मिळालं तर मी जवळजवळ काही बदलणार नाही. बसा एकदा कागद घेऊन आणि या वाक्याला प्रामाणिकपणे गुण द्यायला जा. पेन थांबतंच. कारण डोक्यात लगेच खटले सुरू होतात, शिक्षणाची शाखा मी निवडली नव्हती, ती निवडली गेली होती, पण ती बदलली असती तर मग याच नोकरीत भेटलेली माणसं पण गेली असती, आणि त्या आजारपणाचं काय करायचं, ते तर कुणीच निवडलं नव्हतं. १ ते ७ मध्ये हे बसत नाही, आणि न बसण्यातच खरं काम होऊन जातं. कुठलं मी घेतलं, कुठलं माझ्यावर लादलं आणि कुठलं फक्त अंगवळणी पडलंय, हे तीन ढीग वेगळे व्हायला लागतात. तिसरा ढीग सगळ्यात मोठा निघतो असा माझा अंदाज आहे. ही वर्गवारी झाल्यावर काही गोष्टींबद्दल जे वाटतं, की हे माझं आहे आणि हे मला पुरतं, त्याच्याइतकं पक्कं समाधान कुठल्याच सेशनमधून येत नाही. आणि काही गोष्टींबद्दल राग येतो, तोही येऊ द्यावा.

दोन्ही एकत्र नांदू शकतात याचा नमुना म्हणजे आमच्या ओळखीतले एक सर. विज्ञान शिकवतात. त्यांना विभागप्रमुख व्हायचं विचारलं, पगार वाढणार होता, केबिन मिळणार होती. त्यांनी दोन दिवस घेतले, वहीच्या एका पानावर काय येईल आणि काय जाईल लिहिलं, आणि नाही म्हणून सांगितलं, कारण जाणाऱ्या गोष्टींमध्ये वर्गावरचे तास होते. लोक म्हणाले सरांना महत्त्वाकांक्षा नाही. आता हेच सर दरवर्षी प्रयोगशाळेसाठी लेखी तक्रार देतात, तारीख घालून, पोच घेऊन. गॅसची नळी जुनी झालीय, मायक्रोस्कोप तीन चालू आहेत आणि मुलं चाळीस आहेत, आणि कंत्राटावरच्या शिक्षकांना सुट्टीतला पगार द्या. संस्थेचा माणूस एकदा वैतागून म्हणाला, सर तुम्ही एवढे समाधानी माणूस, तुम्हाला कशाला ही कटकट. सर म्हणाले, समाधानी आहे म्हणूनच वेळ आहे मला. त्यांच्याबद्दल लोकांचा गोंधळ उडतो कारण आपल्या डोक्यात समाधानी माणूस म्हणजे तक्रार न करणारा माणूस हे इतकं घट्ट बसलंय. मला उलट वाटतं की स्वतःसाठी फार काही नको असलेला माणूस वरच्यांना जड जातो, त्याला प्रमोशनचं गाजर दाखवून गप्प करता येत नाही.

राहिला प्रश्न सरकारांनी लोकांचं समाधान मोजावं का. मोजावं, मी त्या बाजूचा आहे. नुसतं उत्पन्न मोजून देशाचं बरं चाललंय म्हणण्यापेक्षा लोकांना विचारणं कधीही चांगलं. त्या आनंदी देशांच्या रिपोर्टमध्ये देशादेशातला फरक समजावायला ज्या सहा गोष्टी घेतात त्यात उत्पन्न आहे, निरोगी आयुर्मान आहे, पण अडचणीत हाक मारायला कुणी आहे का, आयुष्यातले निर्णय स्वतः घेता येतात का, भ्रष्टाचार किती वाटतो, आणि लोक दुसऱ्यासाठी काही देतात का, हेही आहे. यातलं जवळपास काहीच एकट्याने घरी बसून दृष्टिकोन बदलून होत नाही. निरोगी आयुर्मान सकारात्मक विचारांनी वाढत नाही, त्याला दवाखाने लागतात, स्वच्छ पाणी लागतं.

पण मोजणाऱ्यावर नजर पाहिजे. भूतानचं उदाहरण सगळे कौतुकाने देतात, सकल राष्ट्रीय आनंद, म्हणजे देशाचं कसं चाललंय ते लोकांच्या आनंदावरून मोजायचं, २००८ च्या राज्यघटनेत पण घातलंय, आणि विचार म्हणून ते चांगलंच आहे. त्याच भूतानमधून १९९० च्या सुमारास नेपाळी बोलणारे एक लाखाच्या आसपास लोक बाहेर काढले गेले आणि नेपाळमधल्या छावण्यांमध्ये वर्षानुवर्षं राहिले. त्यांच्या आनंदाचा आकडा कुठल्या सकल राष्ट्रात धरायचा होता? देशाचा सोडा, आमच्या ऑफिसातल्या त्या वाढलेल्या स्कोअरमध्ये सोडून गेलेली दोन माणसं नव्हतीच.

त्यामुळे माझी मागणी साधी आहे, फार तर भाबडी म्हणा. विचारायचंच असेल तर कँट्रिलसारखं विचारा, आधी दोन ओळी लिहायला जागा द्या की तुमच्या मते चांगलं म्हणजे काय, आणि आकडा नंतर घ्या. नाव गुप्त म्हणता तर खरंच गुप्त ठेवा, सहा माणसांच्या टीमला टीमचं नाव विचारू नका. आणि लोकांनी लिहिलेल्या त्या ओळींना तीन महिन्यांच्या आत लेखी उत्तर द्यायला कुणीतरी एक माणूस बांधील असू दे, त्याचं नाव फॉर्मवर छापा. उत्तर "जमणार नाही, कारण असं असं आहे" असलं तरी चालेल, मोठी माणसं आहोत, समजून घेऊ. एवढी तयारी नसेल तर तो पाच चेहऱ्यांचा फॉर्म पाठवूच नका, आम्हाला त्या दोन माणसांचं पण काम उरकायचंय.